नाव आणि लिंगनोंद बदलताना कागदपत्रांचा क्रम

सरकारी कागदपत्रांवरचे नाव आणि लिंगाची नोंद बदलायचे ठरवलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो सुरुवात कोठून करायची हा, आणि त्याचे पूर्ण उत्तर कोणत्याही एका कार्यालयात मिळत नाही, कारण प्रत्येक खिडकीमागच्या माणसाला त्याच्या खिडकीपुरताच नियम ठाऊक असतो. आधार केंद्रावर राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये छापलेली नावबदलाची नोंद, मागतात, राजपत्रासाठी ओळखपत्र लागते, पॅनसाठी आधार पाहिले जाते, पासपोर्टसाठी बाकीच्या ओळखपत्रांवर एकच नाव असावे लागते आणि शाळा सांगते की आमच्या जुन्या रजिस्टरला हात लावता येत नाही. मी ट्रान्स पुरुष आहे. जन्माच्या वेळी माझी नोंद मुलगी म्हणून झाली होती. आज माझे आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना आणि पासपोर्ट माझ्या नावाने आणि पुरुष या नोंदीने आहेत; शाळा सोडल्याचा दाखला मात्र अजून जुन्याच नावाचा आहे. या सगळ्या काळात माझे एक मत पक्के होत गेले. नवे नाव कागदावर येणे हा या कामातला तुलनेने सोपा भाग आहे. जुन्या नावाची व्यक्ती आणि नव्या नावाची व्यक्ती एकच आहे, हे एका कागदावरून दुसऱ्या कागदावर सलगपणे दिसत राहील अशी व्यवस्था करणे हा अवघड भाग आहे, आणि तो जमला नाही तर हातात अगदी खरी, कायदेशीर कागदपत्रे असूनही माणूस अडकतो.

माझे काम ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ आणि त्याखालचे २०२० चे नियम मूळ स्वरूपात लागू असताना झाले, आणि पुढे ज्या तरतुदी सांगितल्या आहेत त्या त्याच मजकुरातल्या आहेत. कायद्यात आणि नियमांत दुरुस्त्या होत असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला मजकूर स्वतः वाचावा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवावी, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. आपल्या ओळखीबद्दलचा कायदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते, मग तो दुसरा वकील असला तरीही.

या सगळ्याची सुरुवात १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर दिलेल्या निकालापासून होते, ज्याला सगळे नालसा निकाल म्हणतात. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, पुरुष, स्त्री किंवा तृतीय लिंग अशी कायदेशीर मान्यता देण्याचे निर्देश केंद्र आणि राज्य सरकारांना दिले आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक व बेकायदेशीर असल्याचे स्पष्टपणे म्हटले. पुढे संसदेने कायदा केला आणि तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. नियम त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आले आणि नोव्हेंबरमध्ये अर्जासाठीचे राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले. पोर्टलमुळे एक मोठी सोय झाली, ती म्हणजे पहिला अर्ज करण्यासाठी कोणाच्या समोर उभे राहून स्वतःविषयी बोलावे लागत नाही. घरच्यांपासून लपून हा अर्ज भरणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्यासाठी ही सोय किती मोलाची आहे, हे मला माहीत आहे.

नियमांनुसार अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. आपल्या राज्यात त्याची पुढची हाताळणी बहुधा समाज कल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून होते. नमुना १ हा अर्ज आहे आणि नमुना २ हे प्रतिज्ञापत्र. जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि मला जाणवणारे लिंग एक नाही, असे त्या प्रतिज्ञापत्रात शपथेवर लिहून द्यायचे असते. त्या जिल्ह्यात अर्जदार बारा महिने सलग राहत असावा, अशी अट आहे, आणि नोकरीसाठी किंवा घर सोडावे लागल्यामुळे शहर बदललेल्या लोकांना सगळ्यात जास्त त्रास या अटीचाच होतो, कारण भाड्याच्या खोलीचा करारनामा त्यांच्या नावावर असतोच असे नाही. अर्ज योग्य असेल तर तीस दिवसांत प्रमाणपत्र द्यावे, असे नियम सांगतात. हे पहिले प्रमाणपत्र नमुना ३ मध्ये मिळते आणि त्यावर लिंग ‘ट्रान्सजेंडर’ असे लिहिलेले असते. यासाठी कोणतीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी करायची नाही, हे नियमांत शब्दशः लिहिलेले आहे.

तरीही एका कार्यालयात माझ्याकडे डॉक्टरांचे पत्र मागण्यात आले. मी नियमाची छापील प्रत टेबलावर ठेवली, ते वाक्य दाखवले आणि पत्र हवेच असेल तर तसे लेखी द्यावे अशी विनंती केली. लेखी कोणी दिले नाही आणि पत्राचा विषयही पुन्हा निघाला नाही. त्या कर्मचाऱ्याच्या मनात आकस होता असे मला वाटले नाही. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांतल्या फारच थोड्या माणसांचे अर्ज एखाद्या टेबलापर्यंत आले असतील, आणि ज्या प्रकारचा अर्ज आधी कधी पाहिलेला नाही त्याला एखादा जास्तीचा कागद जोडून घ्यावा, ही कार्यालयांची जुनी सवय आहे. परंतु ज्याच्याकडून तो कागद मागितला जातो त्याने त्या दिवशी स्वतःच्या शरीराविषयीचे प्रश्न चारचौघांत ऐकलेले असतात. कायद्याने जे विचारलेले नाही ते विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि ही गोष्ट शांतपणे पण ठामपणे सांगता यावी म्हणून ती छापील प्रत जवळ हवी.

आता मी ज्या निर्णयाला सर्वात महत्त्वाचा मानतो त्याकडे येतो. नमुना ३ मिळाल्यानंतर ज्याला ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ अशी नोंद हवी असेल त्याने सुधारित प्रमाणपत्रासाठी पुन्हा अर्ज करायचा असतो आणि ते नमुना ४ मध्ये मिळते. कायद्याच्या कलम ७ मध्ये यासाठी शस्त्रक्रियेचा उल्लेख आहे आणि ज्या संस्थेत ती झाली तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांचे किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. नियमांनी मात्र वैद्यकीय हस्तक्षेप असा व्यापक शब्द वापरला आहे आणि त्यात समुपदेशन व संप्रेरक (हार्मोन) उपचार यांचाही समावेश केला आहे. कायदा आणि नियम यांच्यातल्या या फरकामुळे एका जिल्ह्यात संप्रेरक उपचारांच्या पत्रावर नमुना ४ मिळतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात शस्त्रक्रियेच्या कागदांशिवाय फाइल पुढे सरकत नाही. नालसा निकालाने शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदेशीर ठरवल्यानंतरही पुरुष किंवा स्त्री या नोंदीसाठी कायद्याने शरीरावरच्या उपचारांची अट ठेवली, हे मला मनापासून चुकीचे वाटते. सगळ्यांना शस्त्रक्रिया हवी असते असे नाही, सगळ्यांना ती परवडत नाही आणि काहींना प्रकृतीमुळे ती करताच येत नाही. त्यांची ओळख त्यामुळे कमी खरी ठरत नाही.

कागदावरची ही एक ओळ प्रत्यक्षात काय करते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे प्रकरण पाहावे. महिलांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून एका ट्रान्स स्त्रीने भरलेला उमेदवारी अर्ज निवडणूक अधिकाऱ्यांनी नाकारला आणि जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो नकार रद्द केला. स्त्री ही ओळख आपण निवडली आहे आणि पुढेही ती बदलणार नाही, असे तिने न्यायालयाला सांगितले होते. न्यायालयाने नालसा निकाल आणि २०१९ च्या कायद्याचा आधार घेऊन तो हक्क मान्य केला. एका रकान्यातल्या शब्दावरून माणूस निवडणूक लढवू शकतो की नाही हे ठरत असेल, तर तो शब्द निवडताना घाई करू नये, आणि कोणी घाई लावत असेल तर तीही मानू नये.

घाई करू नये याचे आणखी एक, अगदी व्यवहारी कारण आधारच्या नियमांत आहे. आधारमध्ये नाव दोनदा बदलता येते, पण लिंगाची नोंद सामान्य प्रक्रियेत एकदाच बदलता येते. त्यानंतर बदल हवा असेल तर प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून विनंती करावी लागते आणि ते काम वेळखाऊ असते. म्हणजे ज्याला शेवटी ‘पुरुष’ अशी नोंद हवी आहे त्याने नमुना ३ मिळताच आधारवर ‘ट्रान्सजेंडर’ अशी नोंद करून घेतली, तर त्याची एकमेव संधी वापरली जाते. मी त्यामुळे आधी फक्त नाव बदलले आणि लिंगाची नोंद नमुना ४ हाती येईपर्यंत तशीच ठेवली. मधल्या काळात पुरुषाचे नाव आणि स्त्रीची नोंद असे आधार घेऊन वावरणे अवघड होते, विशेषतः हॉटेलमध्ये खोली घेताना आणि रुग्णालयात नाव नोंदवताना, तरीही तो निर्णय माझ्यासाठी योग्य होता. ज्यांची ओळखच पुरुष आणि स्त्री या दोन्ही रकान्यांच्या बाहेरची आहे, किंवा ज्यांना कोणतेही उपचार नको आहेत, त्यांच्यासाठी नमुना ३ हेच अंतिम आणि पुरेसे प्रमाणपत्र आहे. त्यांनी थांबण्याचे काही कारण नाही. तो मधला मुक्काम आहे आणि पुढे जायलाच हवे, असे त्यांना कोणी सांगत असेल तर ते ऐकू नये.

नावाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. आपल्याकडे नाव तीन भागांचे असते: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. २०१९ चा कायदा प्रमाणपत्राच्या आधारे पहिले नाव बदलण्याचा हक्क देतो. मधले नाव किंवा आडनावही बदलायचे असेल, आणि घरच्यांनी संबंध तोडलेल्या अनेकांना तेच हवे असते, तर राजपत्राचा मार्ग घ्यावा लागतो. नावांची रचना काही दगडावर कोरलेली नसते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतलाच आहे. नवे नाव ठरवताना ते देवनागरीत आणि रोमन लिपीत नेमके कसे लिहायचे, हे पहिल्या अर्जाच्या आधी ठरवावे आणि पुढे एका अक्षराचाही फरक पडू देऊ नये. आधार केंद्रातले सॉफ्टवेअर एका लिपीतले नाव दुसऱ्या लिपीत आपोआप उतरवते आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाचे, अनुस्वाराचे गोंधळ सर्रास होतात. पावती छापण्यापूर्वी पडद्यावरची दोन्ही नावे स्वतः वाचून पाहावीत. माझ्या वेळी केंद्रावरचा मुलगा स्वतःहून म्हणाला, “दादा, घाई नाही, नीट वाचा, नंतर दुरुस्तीला फार त्रास होतो.” नव्या नावाने आणि दादा म्हणून मला हाक मारणारा तो सरकारी व्यवस्थेतला पहिला माणूस होता आणि त्याला त्याचे काही विशेष वाटले नव्हते.

जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र असताना राजपत्र लागते का, हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो. नियम वाचला तर लागू नये. कागदपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याने या प्रमाणपत्राच्या आधारे नाव, लिंग किंवा छायाचित्र पंधरा दिवसांत बदलून द्यावे, असे नियम म्हणतात, आणि जोडलेल्या यादीत जन्मदाखला, जातीचा दाखला, शैक्षणिक प्रमाणपत्रे, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, वाहन परवाना, बँकेचे पासबुक आणि पासपोर्ट हे सारे आहे. प्रत्यक्षात बँका, विमा कंपन्या आणि विद्यापीठे राजपत्र मागतात, कारण तो कागद त्यांच्या ओळखीचा आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका राजपत्र घेऊन त्यांच्याकडे रोज येतात. नावबदल कसा करायचा हे या कार्यालयांना उत्तम ठाऊक असते, अडखळतात ती फक्त लिंगाच्या रकान्यापाशी. म्हणून मी राजपत्र करून घेतले. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये जुने नाव आणि नवे नाव एकाखाली एक छापून येते आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे याचा तो सर्वांना मान्य असलेला पुरावा ठरतो. अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर करता येतो.

मात्र राजपत्राची एक किंमत आहे आणि ती आधी कोणी सांगत नाही. राजपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. आपले जुने नाव नव्या नावासोबत कायमचे छापले जाते आणि ते शोधणाऱ्या कोणालाही सापडू शकते. ज्याच्या घरच्यांना सगळे माहीत आहे आणि मान्य आहे, त्याला याचे काही वाटणार नाही. ज्याने मारहाणीला कंटाळून घर सोडले आहे, ज्याचा भाऊ त्याला शोधत फिरतो आहे, त्याच्यासाठी हा धोका खरा आहे. नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ट्रान्स व्यक्तीचे जुने नाव हे त्या हक्काच्या गाभ्यातले आहे असे मला वाटते, आणि जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र सर्व कार्यालयांनी नियमाप्रमाणे स्वीकारले तर या माणसांना राजपत्राकडे जावेच लागणार नाही. अशा परिस्थितीत असलेल्यांनी आधी फक्त प्रमाणपत्रावर आधार आणि पॅन बदलण्याचा प्रयत्न करावा, आणि राजपत्र अगदी अडले तरच करावे, असे माझे सांगणे आहे.

आधार बदलल्यानंतरची कामे तुलनेने सरळ आहेत, फक्त क्रम पाळावा लागतो. आधारचा क्रमांक बदलत नाही, बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या नोंदी त्याच राहतात, आणि म्हणूनच आधार हा जुन्या आणि नव्या नावांमधला सर्वात मजबूत दुवा आहे. पॅनचा क्रमांकही तोच राहतो. त्याची दुरुस्ती आधारपाठोपाठ करावी, कारण दोन्ही जोडताना नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळवून पाहिले जाते आणि फरक पडला की जोडणी अडते. २०१८ पर्यंत पॅनच्या अर्जात ट्रान्सजेंडर हा पर्यायच नव्हता आणि त्यामुळे आधारवर तशी नोंद असलेल्यांचे पॅन अडकून पडत होते. मतदार यादीतल्या दुरुस्तीसाठी नमुना ८ आहे. नोकरी करणाऱ्यांनी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातली माहितीही, गरज पडेल तिथे मालकाच्या मार्फत, बदलून घ्यावी. हे काम लोक वर्षानुवर्षे मागे टाकतात आणि पैसे काढायच्या वेळी अडतात. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक या संपूर्ण काळात बदलू नये, कारण प्रत्येक टप्प्यावर पडताळणीचा संदेश त्याच क्रमांकावर येतो.

बँकेत नावाइतकाच सहीचा प्रश्न असतो. नव्या नावाने नवी सही करायची असेल, तर जुन्या सहीने अर्ज देऊन, शाखेतल्या अधिकाऱ्यासमोर नवी सही नोंदवून घ्यावी लागते, आणि तोपर्यंत दिलेले धनादेश, सुरू असलेले कर्जाचे हप्ते आणि गुंतवणुकीच्या सूचना यांचा विचार आधी करावा लागतो. मी तीच सही ठेवली, कारण ती कोणालाही वाचता येत नव्हती. पासपोर्टसाठी वैयक्तिक तपशिलातल्या बदलासह पुन्हा अर्ज करावा लागतो, जुना पासपोर्ट रद्द करून परत मिळतो आणि पोलीस पडताळणी होते. पडताळणीला आलेले पोलीस शेजाऱ्यांकडेही चौकशी करू शकतात, याची मानसिक तयारी ठेवावी. ज्या सोसायटीत आपण आपल्याविषयी काहीच सांगितलेले नाही तिथे हा प्रसंग अवघड होऊ शकतो, आणि विश्वासातल्या एखाद्या शेजाऱ्याला आधी सांगून ठेवणे बरे पडते.

दोन नावांच्या मधल्या काळात मी एक फाइल सतत जवळ ठेवत होतो. त्यात प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती, राजपत्राची प्रत, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र आणि जुन्या सर्व ओळखपत्रांच्या प्रती होत्या. जुनी कागदपत्रे फाडून टाकण्याची इच्छा मी समजू शकतो, कारण त्यावरचा फोटो आणि नाव पाहताना काय होते हे मी अनुभवले आहे, पण ती जपून ठेवावीत. दुवा त्यांच्यातूनच जातो. आणि कोणत्याही कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज सरकारी दृष्टीने दिलेलाच नसतो. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराखाली ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली’ एवढाच प्रश्न विचारावा. त्या एका ओळीने हललेल्या फायली मी पाहिल्या आहेत.

जन्मदाखला आणि शाळेच्या नोंदी हा या कामाचा सर्वात चिवट भाग आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार निबंधक चुकीची नोंद दुरुस्त करू शकतात, आणि ती दुरुस्ती मूळ नोंद न खोडता समासात लिहून करायची असते. निबंधकांचे म्हणणे असे पडते की जन्माच्या वेळी केलेली नोंद त्या वेळी चूक नव्हती, म्हणून कलम १५ लागूच होत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये या पेचावर एक मार्ग दाखवला: १९६९ च्या कायद्यात योग्य दुरुस्ती होईपर्यंत, ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या जन्मदाखल्यात आधीचे आणि बदललेले असे दोन्ही नाव व लिंग दाखवावे. हा तोडगा व्यवहारी आहे, पण प्रत्येक वेळी दाखला दाखवताना जुने नावही उघड होते, त्यामुळे मला तो अपुरा वाटतो. मूळ रजिस्टरात दोन्ही नोंदी राहाव्यात आणि हातात मिळणाऱ्या दाखल्यावर फक्त आजची नोंद असावी, इतकी साधी मागणी आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला आहे. आज लहान असलेल्या ट्रान्स मुलांना पुढे या प्रश्नाला आमच्यापेक्षा जास्त तोंड द्यावे लागणार आहे.

शाळेत मला सांगण्यात आले की विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमध्ये बदल करता येत नाही. मुख्याध्यापक सभ्यपणे बोलले, त्यांनी चहाही दिला, परंतु शिक्षण विभागाच्या लेखी मंजुरीशिवाय ते काही करणार नव्हते. त्यांची अडचण मला समजते. शाळेच्या रजिस्टरमधली जात आणि जन्मतारीख यांवर पुढे नोकऱ्या आणि आरक्षण अवलंबून असते, त्यात फेरफार होऊ नयेत म्हणून ती तटबंदी आहे. तरी नाव आणि लिंग यांबाबत संसदेने केलेला कायदा शैक्षणिक प्रमाणपत्रांचा स्पष्ट उल्लेख असलेल्या नियमांसह अस्तित्वात असताना प्रत्येक माणसाने प्रत्येक शाळेसाठी वेगळी मंजुरी का आणावी, याचे उत्तर कोणी दिले नाही. माझा अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांकडे आहे आणि पोच माझ्याकडे आहे. ज्यांच्याकडे जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आहे त्यांनी शाळेचे काम टाळूच नये, कारण पडताळणी समितीसमोर शाळेच्या नोंदी आणि वडिलांकडच्या नातेवाइकांच्या नोंदी एकत्र पाहिल्या जातात आणि तिथे नाव न जुळणे महागात पडते.

शेवटचा विषय आपल्या स्वतःच्या कागदांचा नाही, तर आपले नाव ज्यांच्या कागदांवर आहे त्यांचा आहे. शिधापत्रिकेवर, आईवडिलांच्या विमा पॉलिसीत, बँकेच्या नामनिर्देशनात, निवृत्तिवेतनाच्या कौटुंबिक तपशिलात माझ्यासारख्या माणसाची नोंद ‘मुलगी’ अशी आणि जुन्या नावाने राहून जाते. केंद्र सरकारच्या नियमांत मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन पंचविसाव्या वर्षापर्यंत मिळते आणि अविवाहित मुलीला काही अटींवर त्यापुढेही मिळू शकते, त्यामुळे ज्यांच्या घरी हा प्रश्न येऊ शकतो त्यांनी लिंगनोंद बदलण्यापूर्वी याची माहिती करून घ्यावी. वारसाहक्काबाबत मात्र काळजीचे कारण नाही. हिंदू कुटुंबांत महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला, म्हणून ‘मुलगी’चा ‘मुलगा’ झाल्याने वाट्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो सातबाऱ्यावर वारस लावताना, जेव्हा तलाठी कार्यालयात कोणी विचारते की अर्जात लिहिलेली मुलगी कुठे आहे आणि हा कोण. आईवडील हयात असताना, त्यांच्या सहीने, त्यांच्या प्रत्येक कागदावर आपले नाव आणि नाते बदलून घेतले आणि सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडून ठेवली, तर तो प्रश्न येत नाही. माझ्या आईने स्वतः बँकेत जाऊन तिच्या नामनिर्देशनाचा अर्ज भरला आणि नात्याच्या रकान्यात ‘मुलगा’ असे लिहिले.